लाल खुर्चीवरची पाहुणी

“बेटा, खाना! खाऽऽना! ये देखो, शिरा! तुम्हारे वास्ते बनाया, काजू डालके!”

माझी आई ओरडत होती, आणि माझ्या आईचं ओरडणं ही साधी गोष्ट नव्हे. बोरगाव मेघेच्या आमच्या गल्लीतून तिने हाक मारली की देवळीच्या बसमधले लोक आपला थांबा आला समजून उठून उभे राहत, असं मी शाळेत सांगत असे आणि ज्यांनी तिला ऐकलं होतं ते मुकाट्याने मान डोलवत. आत्ता ती हातात शिऱ्याची ताटली घेऊन जमिनीवर उकिडवी बसली होती. तिच्यासमोर, गल्लीतल्या पहिल्यावहिल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, जेमतेम तीन वर्षांची एक मुलगी बसली होती. पायात बूट, बुटांचे पट्टे आवळलेले, दोन्ही हात मांडीवर. ती शिऱ्याकडे पाहत नव्हती, आईकडेही नाही. ती कूलरकडे पाहत होती, जणू या घरात बोलण्यासारखा तेवढाच एक माणूस आहे.

“सुनंदा, थे बहिरी नाई,” बाबा दारातून म्हणाले. “हळू बोल.”

“मंग समजत काऊन नाई तिले?”

“तिले हिंदी येत नाई म्हणून.”

आई थांबली. हा मुद्दा तिला नवा होता. क्षणभर तिने विचार केला आणि मग बाबांनाच विचारलं, “हिंदी नही आती? तो फिर क्या आता है?”

ही मुलगी नीमा. माझ्या आत्याची मुलगी. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, नर्स. टांझानियातल्या एका दवाखान्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. लग्न तिने केलं नाही; विचारणाऱ्याला ती “वेळ नाई भेटला” एवढंच सांगे. त्या दवाखान्याला लागून अनाथ मुलांचं एक घर होतं, तिथून तिने नीमाला रीतसर दत्तक घेतलं आणि थोड्याच आठवड्यांत तिला कडेवर घेऊन वर्धेला उतरली. आमच्याकडे नणंद माहेरी येते तेव्हा शेवया आणते, साडी आणते. माझ्या आत्याने समुद्रापलीकडून लेक आणली. नाव बदलावं लागलं नाही, तिथलंच नाव इथे सहज चाललं. बाकी काहीच सहज चाललं नाही. आत्याने हजार बाळांच्या नाळा कापल्या असतील, पण रात्री कुशीत घेतलेलं मूल पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून झोपलं तर काय करायचं, हे तिला कुठल्या नर्सिंगच्या पुस्तकात सापडलेलं नव्हतं. नीमा कागदावर तिची झाली होती, मांडीवर अजून झाली नव्हती.

आणि या सगळ्याला एक मुदत होती. वर्धेतल्या एका दवाखान्यात आत्याला नोकरी मिळत होती, येत्या एक तारखेला रुजू व्हायचं होतं. म्हणजे दिवसभर नीमा माझ्या आईजवळ. तिकडच्या दवाखान्यानेही तिची जुनी जागा अजून भरली नव्हती. आल्याच्या दिवशी, चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी, आत्याने सांगून टाकलं होतं, “पोरगी तुमच्यात रमली त मी इथं. नाई रमली त तिले घेऊन वापस जाते. तिच्याचसाठी आली, तिच्याचसाठी जाईन.” बाबांचा चेहरा त्यावर असा झाला की मी आजही तो विसरले नाही. आईवडील गेल्यावर याच बहिणीने त्यांना वाढवलं होतं, शिकवलं होतं, नोकरीला लावलं होतं, आणि मग ती दूर गेली होती. ती परत आली तर घरात मागच्या बाजूला अजून एक खोली काढायची, हे त्यांचं कधीचं ठरलेलं. विटाही आणून ठेवल्या होत्या. त्या विटांवर आमच्या गल्लीतल्या मांजरांच्या चार पिढ्या जन्मल्या.

आईची भीती वेगळी होती. तिने ती मला भांडी घासताना सांगितली. “ताई वापस गेली ना बेबी, त लोक काय म्हणतीन? भावजयीनं नणंद टिकू देल्ली नाई. टिकली असती थे, पण सुनंदानं तोंड वाकडं केलं असन. मी मरेपर्यंत हे ऐकू काय?” (बेबी म्हणजे मी. बारा वर्षांची घोडी झाले तरी घरात मीच बेबी होते; खरी बेबी घरात आल्यावरही कुणी माझं नाव बदललं नाही, उलट हाक मारली की आम्ही दोघीही वळून पाहत नसू, ती समजत नव्हतं म्हणून आणि मी काम असेल म्हणून.)

तेव्हा आईने ठरवलं की पाहुणचारात तसूभर कमी पडू द्यायचं नाही. आणि माझी आई एखादी गोष्ट ठरवते तेव्हा मागे हटायचं काम दुसऱ्यांना करावं लागतं. लाल खुर्ची नीमाची. स्टीलचं नवं ताट नीमाचं. कूलरच्या समोरची जागा नीमाची. आम्ही बाकीचे वैशाखात भिंतीला टेकून असे घामाळून बसायचो की उठल्यावर भिंतीवर आमचे फोटो उमटलेले दिसत. शिरा, सरगुंडे, आमरस, साखरभात, दुकानातली बिस्किटं. घरातलं माणूस चुकूनही जे सणाशिवाय खाणार नाही ते सगळं त्या पोरीसमोर ओळीने मांडलं जायचं, आणि ती प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, “हापाना.” आत्याने अर्थ सांगितला. हापाना म्हणजे नाही. ती फक्त दूध प्यायची आणि कोरडा भात चिवडायची.

शिवाय हिंदी. आमच्या भागात परका माणूस दिसला की जीभ आपली आपणच हिंदीकडे वळते. तो परका मद्रासचा असो, जपानचा असो, नाहीतर पुण्याचा असो. आता मी पिकल्या केसांची झाले, मोठ्या शहरांत राहून आले, तरी नातेवाईकांपलीकडचा कुणी दारात उभा राहिला की माझ्या तोंडून आधी “कौन चाहिए?” निघतं. त्यामुळे टांझानियाच्या मुलीशी अख्खं घर हिंदीत बोलू लागलं. बाबा सरकारी गोदामात कारकून होते. साहेब तपासणीला आला की जी हिंदी ते इस्त्री करून वापरत, तीच त्यांनी नीमासाठी बाहेर काढली. संध्याकाळी कामावरून आले की चपला काढून खुर्चीसमोर उभे राहत आणि विचारत, “आप आराम से हैं ना? कुछ तकलीफ तो नहीं?” तीन वर्षांच्या मुलीला! ती त्यांच्याकडे बघायची, साहेब बघतो तशीच. आणि आम्ही आपसात आमचं रोजचं बोलायचो, भांडायचो, एकमेकांना उचकवायचो, ते ती कान टवकारून ऐकायची. तिच्याकडे वळलो की आमचे आवाज बदलायचे, चेहरे बदलायचे, सगळे एकदम हसायला लागायचे. ती मग परत कूलरकडे पाहायची.

पण सगळ्यात जड होते ते बूट. ती बूट काढू देत नव्हती. आंघोळीपुरते आत्या काढायची, आंघोळ झाली की ही ओल्या पायांनी आधी बुटांकडे. झोपताना बूट. सकाळी बूट. आणि रोज दिवेलागणीला, विहाराच्या भोंग्यावरून वंदना सुरू झाली की ती खुर्चीवरून उतरायची, फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि आत्याकडे हात करून म्हणायची, “ट्वेन्डे.” रडायची नाही, हट्ट करायची नाही. आपण कुणाकडे बसायला गेलो आणि पुरेसं बसून झालं की म्हणतो ना, तसं.

“काय म्हणते थे?” आईने पहिल्यांदा विचारलं.

“चल, जाऊ म्हणते,” आत्या म्हणाली, आणि नीमाला उचलून आत घेऊन आली. बाबा उगाच विटा मोजायला मागे गेले.

शेजारच्या कमलामावशी रोज एकदा येऊन परिस्थिती पाहून जात. त्यांना पाच नातवंडं, शिवाय गल्लीतल्या निम्म्या पोरांचं पोटदुखीचं औषध त्यांच्याकडे, त्यामुळे मुलांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. नीमाच्या डोक्यावर त्यांनी हात फिरवला, दाट कुरळ्या केसांत बोटं अडकली. मग भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं, परत नीमाकडे पाहिलं. “ओ माय! हिचे केस त तथागतासारखे हायेत वं!” त्यांनी नीमाला उचलून तसबिरीपाशी नेलं आणि बोट दाखवलं. नीमाने तसबिरीतल्या डोक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ. आम्हाला वाटलं, आता हसेल. हसली नाही. पण तेव्हापासून कूलर सोडून आणखी एका ठिकाणी ती बघू लागली. घरात तिच्याशिवाय माणसं चार, आणि तिची ओळख झाली ती कूलरशी आणि बुद्धाशी.

मी काय करत होते म्हणाल, तर मी शाळेत बातम्या पुरवत होते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या बेतात होत्या आणि एवढी मोठी गोष्ट घरात असताना गप्प बसणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी सांगितलं की नीमा राजाची मुलगी आहे. मग राजवाडा आला, मग राजवाड्याला सिंह आले, मग त्यातला एक सिंह आत्याच्या पेटीत आहे पण अजून लहान आहे असंही झालं असावं. (माझी मुलगी म्हणते, आई, तू वाढवून सांगतेस. मी वाढवत नाही. पिठाला लागतं तेवढंच पाणी घालते.) दोन दिवसांत आमच्या फाटकाशी ही गर्दी. पोरी, पोरं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. काही सिंह पाहायला आलेले, पण बरेचसे नीमालाच पाहायला. फाटकाच्या गजांतून वाकून वाकून पाहत होते. कुणी बोट दाखवत होतं, कुणी हाताचा रंग ताडून पाहत होतं. नीमा खुर्चीवर मागे सरकत सरकत अगदी पाठीला टेकली.

बाबा कामावरून आले ते या गर्दीतूनच. मी त्यांना आयुष्यात फार कमी वेळा रागावलेलं पाहिलं आहे. ते फाटकात उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “माणसाले असं पाहाले येत असतेत काय? आपल्या आज्या-पंज्याले लोक असेच लांबून पाहत होते. विसरले काय सगळे?”

आमची सगळी गल्ली बौद्धांची. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया आधी वळल्या, मग पोरं गेली. सिंहासाठी आलेला एक बारका तेवढा शेवटपर्यंत थांबला होता, त्याला मी दुसऱ्या दिवशी ये म्हणाले.

त्या रात्री जेवताना आत्या म्हणाली, “मले काही समजून नाई राह्यलं. तिथं थे अशी नव्हती. थोडी तरी बोलत होती. इथं तुम्ही इतकं करून राह्यले तिच्यासाठी, तरी…” तिने भाताचा घास परत ताटात ठेवला. “उद्या दवाखान्यात जाऊन भेटून येते. काय थे परवा सांगते म्हणते त्याईले. दिवसभर पोरगी तुमच्याजवळ ठेवते सुनंदा. पाहू. नाई राहिली त संध्याकाळी ठरवूनच टाकू.”

“ठेवा ना,” आई म्हणाली, आणि मग तिचा चेहरा उतरला. “उद्या?”

कारण उद्या कुरोड्या होत्या, तुमच्या कुरडया. तीन दिवसांपासून न्हाणीघरात गहू भिजत पडले होते, घरभर त्यांचा आंबूस वास. त्या दिवशीच ते वाटून, पिळून सत्त्व तळाशी बसायला ठेवलं होतं. ज्याने कुरोड्या कधी केल्या नाहीत त्याला सांगते, हे सत्त्व कुणासाठी थांबत नाही. सकाळी त्याचा चीक शिजवून गरम गरम सोऱ्यातून पाडला नाही तर दुपारपर्यंत आंबून वाया जातं, आणि वर्षाच्या कुरोड्या वाया गेल्या तर शेजारणी वर्षभर विचारतात. आई रात्रभर कूस बदलत राहिली. घरात पाहुणी, आणि वर गच्चीवर कुरोड्या!

सकाळी ऊन चढायच्या आत आत्या निघाली. नीमाला तिने जवळ घेतलं, तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. नीमाने ऐकून घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. फाटक वाजलं तेव्हा ती खुर्चीच्या कडेपर्यंत सरकली, पण उतरली नाही. आईने एक क्षण तिच्याकडे पाहिलं, एक क्षण सत्त्वाच्या गंजाकडे, त्या मोठ्या पातेल्याकडे, आणि मग तिने जे केलं ते फक्त माझी आईच करू शकते. तिने नीमासकट खुर्ची उचलली आणि गच्चीवर नेऊन ठेवली.

वर तीन विटांची चूल पेटलेली. कमलामावशी सोऱ्याला तेल लावत होत्या. खुर्ची पाहून त्यांचा हात थांबला.

“हे काय वं? कुरोड्या पाहाले पाहुणे बोलावले काय?”

“तिले खाली एकटी कशी ठेवू?”

“मंग सोड ना खाली. खेळन.”

“आणि पाय भाजला त? ताईची पोरगी हाये थे. संध्याकाळी ताई येईन, मी काय तोंड दाखवू?” मग तोंड वळवून, मोठ्याने, “बेटा, आराम से बैठो हां! धूप नही लगती ना?” आणि मला, परत रोजच्या आवाजात, “बेबे, छत्री धर तिच्यावर, नुसती उभी काय राह्यली?”

“वाळव,” कमलामावशी म्हणाल्या. “तिलेबी वाळव कुरोडीसारखी.”

आईने ऐकलं नाही, कारण पाण्याला उकळी फुटली होती. तिने सत्त्व ओतलं आणि लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरून घोटायला लागली. चीक घोटायचा म्हणजे पायांवर जोर द्यावा लागतो, कंबर फिरवावी लागते. पांढरं पाणी हळूहळू दाट होत जातं, चकाकतं, आणि मग मोठे मोठे बुडबुडे फदाक फदाक फुटायला लागतात. आई घोटत होती, पदर खोचलेला, केस सुटलेले, आणि कमलामावशींशी भांडतही होती, की मीठ मागच्या वर्षी कुणी जास्त टाकलं. मी छत्री धरून उभी होते. छत्रीखाली काही हललं म्हणून पाहिलं, तर नीमा पुढे झुकली होती. कूलरकडे बघायची तसं नाही. तिचं तोंड उघडं होतं. तिने एक पाय खाली सोडला, मग दुसरा. खुर्चीवरून स्वतःहून, दिवसाउजेडी, वंदना नसताना ती उतरली आणि सरळ गंजाकडे निघाली.

मी पाहिलं आणि गप्प राहिले. काही घडायच्या बेतात असलं की मध्ये पडू नये, हा माझा जन्मजात स्वभाव आहे. त्यावरच माझं आजवर चाललं आहे.

नीमाने आईच्या कोपराखालून हात घातला तो थेट गंजाकडे.

“अवं एऽऽ पोट्टे!” आईचा आवाज असा फुटला की समोरच्या निंबाच्या झाडावरचे कावळे उडाले, आणि त्यातले काही परत आलेच नाहीत असं माझं मत आहे. “हात काय घालतं वं थ्यात? भाजून मरशीन ना! डोळे फुटले काय तुये? हो मागं! मागं हो म्हणते ना!”

आणि पाठीत एक रट्टा.

मोठा नव्हता. मला त्याहून मोठे रोज बसत. पण त्या गडबडीत दांडा निसटला, चिकाचा एक लोंढा गंजाच्या काठावरून खाली आला आणि नीमाच्या बुटावर पडला. आईने दुसरं काही न बघता तिचा पाय धरला, पट्टा हिसडला, बूट ओढून काढला आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला भिरकावला. आणि नीमाने तिच्या हाताला कडकडून चावा घेतला.

आई हाताकडे बघत होती, तिथे दातांची पूर्ण ओळ उमटली होती. नीमा आईच्या तोंडाकडे बघत होती. तोंडावर हसू नव्हतं, हिंदीही नव्हती. रोज ज्या तोंडाने आई माझ्यावर, बाबांवर, दूधवाल्यावर ओरडायची तेच लालबुंद तोंड आज तिच्यासमोर होतं. मग नीमाने भोंगा पसरला. आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. तिकडून निघतानाचं, विमानातलं, स्टेशनवरचं, आणि कदाचित त्याच्याही आधीचं सगळं ती आता एकदम रडली. रडताना ओरडत होती, तिच्या भाषेत, आईला, आणि ते काय होतं ते समजायला भाषा यायची गरज नव्हती. ती आईला शिव्या देत होती.

“मले बोलते काय वं?” आई ओरडली. “हात मी भाजून घेऊ काय तुयाऐवजी? दाखव इकडे पाय! दाखव!” पाय भाजला नव्हता. आईने तो उलटसुलट करून पाहिला, आणि मग तिला कळेना की पुढे काय करायचं. घ्यावी की नाही? हात कोपरापर्यंत चिकाने माखलेले. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात हवेत, आणि नीमा तिच्या गुडघ्यांना धडका देत रडत होती.

“चीक लागते ना खाली!” कमलामावशी किंचाळल्या.

मग आईने कोपरांनीच तिला उचललं, कमरेवर टेकवलं, कोपराने दाबून धरलं आणि एका हाताने दांडा फिरवायला लागली. नीमा हुंदके देत होती. हुंदके हळूहळू दांड्याच्या लयीत बसले. तिचा एक पाय बुटात, एक उघडा, केसांत चीक. घोटणं संपेपर्यंत ती खाली उतरली नाही, आणि तिला उतरवायलाही कुणाला सवड नव्हती.

चिकाचा पहिला गोळा घोटणाऱ्याचा. कमलामावशींनी तो जर्मनच्या जुन्या, चेमटलेल्या ताटलीत थंड करून दिला, वर तेल-तिखट. नीमाने आईच्या मांडीवर बसून ताटलीत हात घातला. तिने चिकाचा छोटा गोळा वळला, गोळ्यात अंगठ्याने खळगा पाडला, खळग्यात तेल भरून घेतलं आणि तोंडात टाकला. मग दुसरा. आम्ही कुणी चीक तसा खात नाही. आम्ही तिघीजणी सोऱ्या बाजूला ठेवून बघत राहिलो. ताटली रिकामी झाल्यावर तिने ती आईच्या नाकासमोर धरली.

“अजून? पोट फुटन,” आई म्हणाली आणि वाढलं. हिंदी तिला आठवलीच नाही.

मग दुपारभर कुरोड्या वाळत पडल्या आणि राखणीला मी. लुगड्यावर पांढरी फुलं मांडल्यासारख्या कुरोड्या आणि हातात काठी. चिमण्या, कावळे, आणि शेजारची एक बकरी जिला गच्चीचा जिना चढता यायचा. मी “हाऽऽड!” ओरडले. मागून बारका आवाज आला, “हाऽऽड!” नीमाने माझी काठी ओढून घेतली. ती मी तिला दिली असं मी घरात सांगितलं, पण तिने ती घेतली. दुसरा बूटही तिने कधीतरी काढून पहिल्याशेजारी उन्हात ठेवला होता, एका पायात बूट घालून कावळ्यामागे पळता येत नाही म्हणून असावं. तिने सगळ्या पाखरांना हाकललं, बकरीला हाकललं आणि संध्याकाळी कुरोड्या गोळा करायला आलेल्या कमलामावशींनाही हाकललं.

आत्या आली ती दिवेलागणीला. तिने आधी रिकामी लाल खुर्ची पाहिली, मग आईचा हात.

“चावली?”

“हाव.”

“तू काही केलं तिले?”

बाबांनी मान खाली घातली. आई म्हणाली, “एक देल्ली पाठीत. चिकात हात घालून राह्यली होती. आता तुमाले काय म्हणायचं थे म्हणा, ताई. लोकाईलेबी म्हणू द्या.” मग तिने सगळं सांगितलं, आणि अंगठ्याने गोळ्यात खळगा पाडून दाखवला. आत्याने तो अंगठा पाहिला आणि पायरीवर बसली.

“तिथं मक्याचं पीठ असंच घोटतेत,” ती म्हणाली. “मोठ्या गंजात, उभ्यानं. त्या घरची स्वयंपाकीण सगळ्या पोरायले तिथंच बसवून ठेवे. दिवसभर ओरडत राहे त्याईच्यावर. मले आठवलंच नाई.”

विहाराच्या भोंग्यावर वंदना सुरू झाली. आम्ही सगळे जिन्याकडे पाहू लागलो. नीमा उतरली, अनवाणी, काठी घेऊन, एकेक पायरी बसत बसत. आत्या उठली. फाटकाशी गेली आणि तिनेच हात पुढे केला.

“ट्वेन्डे?”

नीमाने फाटकाकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. वर कुठेतरी कावळा ओरडला.

“हापाना,” ती म्हणाली आणि परत जिना चढायला लागली.

मग आत्या डोळे पुसत आत आली आणि परातीत कुरोड्या रचणाऱ्या आईशेजारी बसली.

“सुनंदा, मंग दवाखान्यात काय सांगू? एक तारखेले येते म्हणू काय? राहीन काय वं थे तुयाजवळ?”

“उद्या पापड्या हायेत,” आई म्हणाली. “कावळे कोण हाकलन?”